जुन्या अंकात सापडलेली कविता रसिकांपर्यंत नेताना : नव्या छोट्या प्रकाशनांसाठी

जुन्या मासिकाची बांधीव फाइल चाळताना एखादी कविता समोर येते. कवीचे नाव ओळखीचे असते, पण ही कविता त्याच्या कोणत्याही संग्रहात वाचल्याचे आठवत नाही. अशी कविता चार पानांच्या पत्रिकेत छापून रसिकांना देणे छोट्या प्रकाशनाला सहज पेलते. मात्र मूळ अंक बहुतेक वाचकांच्या हाती कधीच येणार नसतो. तुम्ही जो पाठ छापाल तोच पुढे उद्धृत होत राहील, चुकांसकट. म्हणून छपाईपेक्षा पाठावर जास्त वेळ घालवावा, आणि या लेखातही तोच क्रम ठेवला आहे.

आधी कविता खरेच नवी आहे का ते पाहा

"अप्रकाशित कविता सापडली" असे घाईने जाहीर होते आणि ते बहुतेकदा चुकीचे असते. मासिकात छापून आलेली कविता अप्रकाशित नव्हे. ती संग्रहात आली नसेल तर असंकलित म्हणावी. अप्रकाशित हा शब्द वहीत, पत्रात किंवा बाडात राहून गेलेल्या कवितेसाठी राखून ठेवावा. हा फरक नुसता शब्दांचा नाही. हक्कांचा (कॉपीराइटचा) हिशोबही त्यावरच बदलतो, ते पुढे येईलच.

असंकलित म्हणण्यापूर्वी कवीचे सगळे संग्रह, समग्र आवृत्ती आणि तिची परिशिष्टे पाहावीत. शोध शीर्षकावरून घेऊ नये, कारण मासिकात एक शीर्षक आणि संग्रहात दुसरे, असे सर्रास होते. कधी संपादकानेच शीर्षक दिलेले असते. पहिल्या ओळीवरून शोधावे, आणि तेवढ्यावर न थांबता शेवटच्या कडव्यावरूनही. कवी संग्रहासाठी कविता पुन्हा लिहितो तेव्हा सुरुवातीचे कडवे गाळणे ही नेहमीची गोष्ट आहे. तसे निघाले तरी निराश होऊ नये. संग्रहातल्या कवितेचा आधीचा पाठ हीसुद्धा छापण्याजोगी गोष्ट आहे, फक्त तिला "नवी कविता" म्हणू नये.

कोणत्या काळात कोणती नियतकालिके कविता छापत होती याचा अंदाज असला की शोध सोपा होतो. विविधज्ञानविस्तार १८६७ पासून निघत होते. जळगावची काव्यरत्नावली १८८७ पासून, आणि ती तर कवितेलाच वाहिलेली. करमणूक १८९० पासून, मासिक मनोरंजन १८९५ पासून. ग्रंथांसाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची हाताशी असावी. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळाचा आहे.

टोपणनावांपाशी थबकावे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, "बी" म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, हे पक्के आहे. पण "एक मित्र", "अनंतसुत" अशा सह्या कोणीही करत असे. शैली जुळते एवढ्यावर कविता कोणाच्याही नावावर घालू नये. सहीखालचे गाव, त्याच अंकातली अनुक्रमणिका, वर्षअखेरीची लेखकसूची, पुढच्या अंकातला पत्रव्यवहार यांपैकी एखादा बाहेरचा पुरावा हवा. तो नसेल तर छापील सही जशी आहे तशी द्यावी आणि तुमचा तर्क टिपणात, तर्क म्हणूनच लिहावा.

फोटो काढताना

नुसत्या कवितेच्या पानाचा फोटो घेऊन परत येणे ही नवख्यांची नेहमीची चूक. एकदा गेलात की पुढच्या सगळ्या गोष्टी घेऊनच या : अंकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, कवितेचे पान, त्याच्या आधीचे व नंतरचे पान, आणि पुढच्या दोन अंकांतली शुद्धिपत्रे. बांधणीच्या वेळी मुखपृष्ठे काढून टाकलेली असतात आणि त्यांच्याबरोबर तारीख जाते. मग वर्ष, अंक आणि पृष्ठांक एवढ्यावरच महिना ठरवावा लागतो. नंतरचे पान अशासाठी की उरलेले कडवे किंवा कवीची तळटीप पान उलटल्यावर असू शकते.

अंकावर शके असेल तर चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत साधारणपणे ७८ मिळवावेत, माघ-फाल्गुनासाठी ७९. चैत्र शके १८३० म्हणजे १९०८, पण फाल्गुन शके १८३० म्हणजे १९०९. पौष डिसेंबर-जानेवारीत विभागला जातो, म्हणून तिथे जंत्री (जुन्या वर्षांचे पंचांग) पाहूनच साल लिहावे.

फोटो वरून सरळ, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड ठेवून घ्यावा, फ्लॅश नको. शिवणीजवळचा भाग वळतो आणि ओळींची शेवटची अक्षरे आत जातात, तेवढ्या भागाचा वेगळा फोटो घ्यावा. पुस्तक दाबून सपाट करू नये, जुनी शिवण आणि ठिसूळ कागद दोन्ही तुटतात. स्कॅनर वापरू देत असतील तर मजकुरासाठी ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते माप) पुरते. पानाची प्रतिकृती छापायची असेल तर ६०० घ्यावे.

आता एक अगदी बारीक पण महत्त्वाची गोष्ट. स्कॅन साफ करताना सॉफ्टवेअरमधले "डाग पुसा" हे बटण दाबू नका. त्याच्या लेखी अनुस्वार हाही डागच असतो. "तें"चे "ते" होते, आणि जुन्या लेखनात नपुंसकलिंगी एकवचन जाऊन तिथे पुल्लिंगी अनेकवचन येते. उलटही घडते : कागदावरचा तपकिरी ठिपका बरोबर शिरोरेघेवर बसतो आणि अनुस्वार वाटतो. शंका आली तर मूळ पान तिरक्या उजेडात पाहावे. खिळ्याचा (छपाईच्या धातूच्या अक्षराचा) ठसा कागदात किंचित दबलेला दिसतो, डाग दबलेला नसतो.

हक्क

भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतात, आणि मोजणी निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून होते. १९६५ मध्ये कधीही निधन झालेल्या कवीच्या, हयातीत छापल्या गेलेल्या कविता १ जानेवारी २०२६ पासून मोकळ्या झाल्या. निनावी किंवा टोपणनावाने छापलेल्या कवितेसाठी प्रकाशनापासून ६० वर्षे धरतात. त्या मुदतीत खरे नाव उघड झाले तर मात्र पुन्हा निधनापासूनचा हिशोब लागतो.

वहीतल्या अप्रकाशित कवितेचे तसे नाही. कवीच्या पश्चात पहिल्यांदा छापल्या जाणाऱ्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. म्हणजे कवी जाऊन ऐंशी वर्षे झाली म्हणून वही आपोआप मोकळी होत नाही. सार्वजनिक ग्रंथालयातल्या हस्तलिखिताबाबत, कवीच्या निधनाला ६० वर्षे उलटली असतील तर, कायद्यात काही मोकळीक आहे. घरातल्या वहीला ती लागू नाही. तिथे वारसांची लेखी संमती घ्यावीच. त्या कागदावर कवितेची पहिली ओळ, किती प्रती, छापील व डिजिटल दोन्ही का, आणि वारसांना किती प्रती देणार हे स्पष्ट लिहावे. "आमची हरकत नाही" एवढे तोंडी पुरत नाही. एका वारसाची हरकत नसते आणि दुसऱ्याची असते.

पाठ तयार करणे

जुनी अक्षरे संगणकाला वाचायला दिली तरी शेवटी एक-एक अक्षर डोळ्यांनीच पाहावे लागते. जुन्या छपाईत ध आणि घ, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, थ आणि य यांची गल्लत होते. ख हा "रव" असा दिसतो. झिजलेल्या खिळ्याचा रफार किंवा वेलांटीचे टोक उमटलेलेच नसते. म्हणून दोन जणांनी बसावे. एकाने मूळ पान पाहून मोठ्याने वाचावे, विरामचिन्हांसकट : "स्वल्पविराम", "उद्गारचिन्ह", "तें, अनुस्वार आहे" असे. दुसऱ्याने टाइप केलेला मजकूर पाहावा. मग जागा बदलून पुन्हा. अर्थ लावत वाचणारा माणूस चूक नकळत दुरुस्त करून वाचतो, म्हणून तिसऱ्यांदा शेवटच्या ओळीकडून पहिल्या ओळीकडे यावे.

वृत्तबद्ध कविता असेल तर वृत्ताइतका भरवशाचा मुद्रितशोधक (प्रूफ तपासणारा) नाही. हे काम शिकून घ्याच, आठवडाभराच्या सरावाने हात बसतो. उदाहरणासाठी रचलेली ही ओळ घ्या :

नदीच्या तिरीं बैसतां सांज झाली

हे भुजंगप्रयात, म्हणजे य गण चारदा, लघु-गुरु-गुरु. नदीच्या, तिरीं बै, सतां सां, ज झाली. बारा अक्षरे बरोबर बसतात. आता नव्या नियमांची सवय असलेला मुद्रितशोधक "तिरी"चे "तीरी" करतो, कारण गद्यात तेच शुद्ध. तसे केले की दुसऱ्या गणात लघूच्या जागी गुरू येतो आणि ओळ तिथे अडखळते. कवीने ति ऱ्हस्व केला होता तो वृत्तासाठी. तीच गोष्ट "कवि", "मति", "गुरु" यांची. यांचे शेवटचे अक्षर दीर्घ केले की लघु-लघूचे लघु-गुरु होते.

दुसरी ओळ :

उभा पर्वती अन् दऱ्या खोल खाली

इथे "दऱ्या"ऐवजी "दर्या" टाइप झाले तर डोंगराखाली समुद्र येतो, पण ते वाचताना खटकेलच असे नाही. वृत्ताला मात्र लगेच कळते. दर्या म्हणताना द वर आघात येतो आणि तो गुरू होतो, दऱ्या म्हणताना तो लघूच राहतो. "तुझ्या" मधला तु जोडाक्षरापूर्वी असूनही लघूच, तोही याच कारणाने. जोडाक्षर दिसले की मागचे अक्षर गुरू, असे यांत्रिकपणे मोजणाऱ्यांची इथे हमखास चूक होते. मोठ्याने म्हणून पाहावे.

अभंग, ओवी, जातिवृत्ते यांत अक्षरांचा किंवा मात्रांचा हिशोब वेगळा असतो. मुक्तछंदात ही मदत मिळतच नाही, तिथे दोनदा नव्हे, चारदा ताडून पाहावे.

जुने लेखन ठेवायचे की बदलायचे

याचा निर्णय टाइप करण्यापूर्वी घ्या आणि एका वाक्यात लिहून ठेवा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम सांगतात की केशवसुतांपूर्वीचे पद्य मुळाप्रमाणे छापावे, केशवसुतांपासून पुढचे नव्या नियमांनी. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक नियमांनाही मान्य आहे. पाठ्यपुस्तकासाठी किंवा मोठ्या संग्रहासाठी ही विभागणी ठीक आहे. पण पहिल्यांदाच बाहेर येणारी एकच कविता असेल, तर काळ कोणताही असो, मूळ लेखन जसेच्या तसे छापावे असे आमचे ठाम मत आहे. अनुस्वार काढणे कोणालाही कधीही जमेल, काढलेले परत घालणे मूळ अंकाशिवाय जमणार नाही. शिवाय काढले की अर्थही हलतो. जुन्या पानावर "नांव" आणि "नाव" वेगळे आहेत : एक माणसाचे, एक पाण्यातले. वाचकाला अवघड जाईल असे वाटत असेल तर समोरच्या पानावर नव्या लेखनातला पाठ द्यावा. दोन्हींची सरमिसळ तेवढी करू नये.

उघड मुद्रणदोष, म्हणजे उलटा बसलेला खिळा किंवा दोनदा आलेला शब्द, दुरुस्त करायला हरकत नाही. पण प्रत्येक दुरुस्ती टिपणात मूळ रूपासकट नोंदवा : "ओळ ७ : मुळात 'मेघ मेघ', येथे 'मेघ'." वाचता न आलेले अक्षर अंदाजाने भरू नका. चौकटी कंसात ठिपके द्या. रसिकांपैकी कोणाकडे त्याच अंकाची बरी प्रत असू शकते, आणि ठिपके दिसले तरच तो माणूस शोधायला उठतो.

मोडीतले बाड असेल तर हे सगळे वेगळ्या पातळीवर जाते. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवलेले नसते, म्हणजे प्रत्येक ठिकाणी निवड लिप्यंतर करणाराच करत असतो. जाणकाराशिवाय त्याला हात लावू नये.

पत्रिकेची मांडणी

ए४ कागद एकदा दुमडला की ए५ आकाराची चार पाने मिळतात. पहिल्यावर शीर्षक आणि कवी, आतल्या समोरासमोरच्या दोन पानांवर कविता, चौथ्यावर टिपण. कविता लहान असेल तर आत डावीकडे मूळ पानाची प्रतिकृती आणि उजवीकडे पाठ. याहून चांगली मांडणी आम्हाला माहीत नाही, कारण वाचक स्वतःच ताडून पाहू शकतो. कविता दोन पानांत मावत नसेल तर आठ पाने करून मधोमध पिन मारावी. पिन मारायची तर पानांची संख्या चारच्या पटीतच हवी.

अक्षराचा आकार सगळ्यात लांब ओळीवरून ठरवा. शार्दूलविक्रीडिताची १९ अक्षरांची ओळ ए५ पानावर १६ पॉइंटात मोडेल, १२-१३ पॉइंटात बसते. ओळींमधले अंतर इंग्रजी मजकुराच्या सवयीने ठेवू नका. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. १३ पॉइंटाला १९ ते २० पॉइंट अंतर ठेवा. ओळी मध्यरेषेवर जुळवू नयेत, लग्नपत्रिकेसारखे दिसते आणि कडव्याचा आकार हरवतो. डावीकडून सरळ लावून सगळा ठोकळाच पानात किंचित उजवीकडे सरकवावा. पान नेमके कडव्याच्या शेवटी बदलले तर तिथे कडवे संपले की नाही हे कळत नाही. शक्य असेल तर कडवी पानांत अशी वाटा की प्रश्नच उरणार नाही, नाहीतर टिपणात तसे सांगा.

फॉन्ट युनिकोड असावा आणि त्यात मराठी वळणाचे ल आणि श असावेत. तिरो देवनागरी मराठी हा मोफत मिळणारा फॉन्ट कवितेला शोभतो. फॉन्ट ठरवण्यापूर्वी ही शब्दमाला टाइप करून छापून पाहा : हृदय, उद्ध्वस्त, दुसऱ्या, तऱ्हा, ऱ्हास, दुःख, स्त्री, क्लांत, मूर्ति, आणि एखादा अवग्रह (ऽ). यात काही तुटले तर फॉन्ट बदला.

छापखान्यात

छापखान्यात फक्त पीडीएफ द्यावी, फॉन्ट आत बसवलेली. उघडी फाइल दिली आणि तिथे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की पहिली वेलांटी एक घर सरकते आणि ऱ्य तुटतो. मजकुराचा काळा रंग शंभर टक्के काळाच असू द्या. चार रंगांच्या मिश्रणाचा काळा वापरला तर बारीक शिरोरेघेला रंगीत सावली येते.

आतला कागद ९० ते १०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन), किंचित पिवळसर छटेचा मॅपलिथो (चकचकीत लेप नसलेला छपाईचा कागद) घ्या. एकच घडी असेल तर १२० पर्यंत चालतो. त्याहून जाड घ्यायचा तर घडीच्या जागी आधी क्रीझिंग (दाबून पाडलेली रेघ) करून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते. घडी कागदाच्या धाग्याला, म्हणजे त्यातले तंतू ज्या दिशेने असतात तिला, समांतर असावी. ओळखायला सोपे : कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा, ज्या बाजूची घडी कमी विरोधाने वाकते, तिला समांतर धागा असतो. आडव्या धाग्यावर घातलेली घडी ओबडधोबड पडते आणि पत्रिका मिटून राहत नाही. शे-दोनशे प्रती डिजिटल छपाईत काढाव्यात. पाचशेच्या पुढे ऑफसेट विचारावे. सगळ्या प्रती सुटण्यापूर्वी एक प्रत दुमडून हातात घ्या आणि ती पडद्यावरच्या फाइलशी नव्हे, मूळ अंकाच्या फोटोशी ताडून पाहा.

टिपण आणि वाटप

चौथ्या पानावरचे टिपण दीडशे-दोनशे शब्दांचे पुरे. नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक, महिना, पृष्ठ, प्रत कोणत्या ग्रंथालयात पाहिली, कोणकोणत्या संग्रहांत शोधली आणि सापडली नाही, लेखनाबाबतचे धोरण, केलेल्या दुरुस्त्या. "कोणत्याही संग्रहात नाही" असे लिहू नये. "पुढील संग्रहांत आढळली नाही" असे लिहून त्यांची नावे द्यावीत. कवितेचे रसग्रहण इथे नको. वाचकाला कवितेशी आधी एकट्याने भेटू द्या.

डिजिटल प्रतीवर "पाठ १" आणि महिना-साल घाला. चूक कळली की फाइल गुपचूप बदलू नका, "पाठ २" करा आणि काय बदलले ते सांगा. छापील प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी सरकवा. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलेले पान दाबले जाऊन अनुस्वार पुसट होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कवीचे नाव आणि मूळ अंकाचा तपशील शेवटच्या ओळीला अगदी लागून ठेवा. खाली अंतर सोडून ठेवला तर पहिल्याच दोन-तीन हातांत तो कापला जातो आणि कविता "अज्ञात" होऊन फिरते.

प्रती वाटताना काही बाजूला काढा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते, आणि त्यात पुस्तिकाही येते. ज्या ग्रंथालयात अंक सापडला तिथे दोन प्रती द्या. त्यातली एक त्याच फाइलपाशी ठेवण्याची विनंती करा, नोंदीवर वर्ष, अंक आणि पृष्ठ लिहून.